पहिलं बिस्कीट ताईचं

१

माझी बायको सकाळी कामावर गेली आणि स्वतःच्याच कारखान्यातलं बिस्कीट खाऊन मेली. हे वाक्य मी इतक्या लोकांना इतक्या वेळा सांगितलंय, की आता ते घराचा पत्ता सांगावा तसं तोंडातून निघतं.

कारखान्यात सगळे तिला ताई म्हणत. धाकटा भाऊ म्हणायचा म्हणून कामगार म्हणायचे. मी माल रवाना करायच्या खात्यात नोकरीला लागलो तेव्हा मीही वर्षभर ताईच म्हणत होतो, आणि लग्नात त्यावरून माझी अशी काही खेचली गेली की वरातीतही मान वर करायची सोय उरली नाही. पण सवय गेली नाही. कारखान्यात ती माझीही ताईच राहिली.

तिला अक्रोड, बदाम, काजू असल्या फळांची भयंकर ॲलर्जी. लहानपणी शाळेत कुणाच्या तरी डब्यातला कण पोटात गेला आणि ती मरता मरता वाचली. तेव्हा तिच्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, चालता धंदा मोडून हा बिस्किटांचा कारखाना काढला. माझी मुलगी बिनधास्त खाईल तेच विकायचं, एवढा एकच हट्ट. त्या हट्टावर कारखाना चालला. ॲलर्जीवाल्या मुलांचे आईबाप लांबलांबून आमचीच बिस्किटं मागवायचे.

आणि एक रीत होती. भट्टीतून दिवसाचा पहिला ट्रे निघाला की पॅकिंगची मावशी त्यातलं एक बिस्कीट बशीत घालून ताईला द्यायची. ताई ते खायची, थोडा वेळ गप्पा मारायची आणि मग माझ्याकडे बघून मान हलवायची. मान हलली की मी ट्रक सोडायचो. बघायला आलेली गिऱ्हाइकं कौतुकाने फोटो काढायची. अप्पा त्यांना सांगायचे, “भिंतीवरची सर्टिफिकेटं तुमच्यासाठी. आमचं सर्टिफिकेट ही.”

वार्षिक सुट्टीनंतरचा तो पहिला दिवस होता. ताईने बिस्कीट खाल्लं, “साखर जरा कमी झालीय का रे?” असं मला विचारलं आणि गळ्याला हात लावला. तिचं इंजेक्शन पर्समध्ये होतं आणि पर्स बाहेरच्या लॉकरमध्ये, कारण भट्टीच्या दालनात अंगावरच्या कपड्यांशिवाय काहीही न्यायचं नाही असा स्वच्छतेचा नियम. मी धावलो. परत आलो. त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं, आणि तेही दुसऱ्या कुणाचं असावं तसं.

बिस्किटात अक्रोड निघाला. ज्या आवारात इतकी वर्षं अक्रोडाचं नावही कुणी घेतलं नव्हतं, तिथे. पोलिसांनी सगळ्यांच्या पिशव्या तपासल्या तेव्हा मावशीच्या पिशवीत, रुमालाखाली, अक्रोडाची पुडी सापडली.

मावशी काही नाकारायलाच तयार नव्हती. खाली बसली आणि म्हणाली, “माझ्या हातांनी गेली पोर. मला न्या.”

२

ऑडिटर बाई आल्या तेव्हा कारखाना बंद होता आणि मी रिकाम्या गोदामात बसून होतो. घरी बसण्यापेक्षा बरं. बिनकवचाचं, म्हणजे अक्रोड-बदामाचा अंश नसल्याचं सर्टिफिकेट ज्या संस्थेने आम्हाला दिलं होतं, तिने त्यांना पाठवलं होतं. पन्नाशीच्या, बुटक्या, पायात मळखाऊ बूट. सांत्वनाचं एक अक्षर बोलल्या नाहीत, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

“अप्पा उद्या त्या मावशींवर फिर्याद देणार आहेत म्हणे,” त्या म्हणाल्या.

“हो. सकाळी.”

“मग आज मला सगळं उघडून दाखवा.”

आधी त्यांनी अप्पांच्या खोलीतली भिंत बघितली. अप्पा खुर्चीत होते, पण आमच्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. भिंतीवर पाच चौकटी. ऑडिटर बाईंनी क्वालिटीच्या माणसाला बोलावून एकेक कशाचं ते विचारलं. ह्या माणसाला आम्ही ‘नियम’ म्हणतो. त्याला घड्याळात किती वाजले विचारलं तरी तो आधी नियम सांगतो.

“हा सरकारी परवाना, ह्याच्याशिवाय दार उघडता येत नाही,” नियम म्हणाला. “हे स्वच्छतेचं. माल कुठे बिघडू शकतो ते शोधून तिथे पहारा ठेवायचा, असं ते आहे. हे तुमचं, बिनकवचाचं. हे परदेशातल्या गिऱ्हाइकाचं. परवाना कितीही दाखवा, त्यांना त्यांच्याकडचं लागतंच. आणि हे नवीन, रसायनमुक्त. मोठ्या दुकानांनी ह्या वर्षापासून सक्तीचं केलंय.”

“पाच ठिकाणचे पाच तपासनीस येतात?”

“हो. प्रत्येकाचा दिवस वेगळा.”

“एकमेकांना भेटतात कधी?”

नियमने चष्मा पुसला. “ते माझ्याकडे येत नाही.”

पाचवी चौकट बघून मला एकदम ट्रे आठवले, कारण त्या सर्टिफिकेटापायी आम्ही बरंच काही बदललं होतं. पूर्वी ट्रेवरचा काजळीचा थर काढायला ते कॉस्टिकच्या टाकीत बुडवायचे. रसायनमुक्त व्हायचं म्हणून माझ्या मेहुण्याने, धाकट्याने, टाकी बंद केली आणि हवेच्या जोरावर वाळू मारणारं यंत्र आणलं. सुट्टीच्या तोंडावर त्याची वाळू आली ती मीच उतरवून घेतली होती. हमालाने दोन दोन गोण्या एका दमात खांद्यावर टाकून दंड फुगवून दाखवला होता आणि ताई खूप हसली होती. हे मी ऑडिटर बाईंना सांगितलं, ते ताई हसली होती म्हणून. दुसरा काही हेतू नव्हता.

त्या मात्र माझ्याकडे बघत राहिल्या. “भरलेल्या गोण्या होत्या?”

“शिगोशीग.”

३

मावशी कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसली होती. फिर्याद व्हायची होती म्हणून पोलिसांनी जबाब घेऊन तिला सोडलं होतं, ती आपणच रोज येऊन तिथे बसायची. हात धुऊन धुऊन लाल झाले होते आणि बोलता बोलताही ती एका हाताने दुसरा चोळत होती.

“डॉक्टरांनी सांगितलं, रोज दोन अक्रोड खा, छातीला चांगले,” ती म्हणाली. “घरी खाल्ले तर नातवंडं पुडी फस्त करतात. म्हणून बसथांब्यावर खायची. मग आत येऊन हात धुवायची. पुडी पिशवीतच राहायची. मला कळायला हवं होतं. हिला मी कडेवर घेऊन फिरवलंय, मला कळायला हवं होतं.”

“आवारात आणायला नको होती, हे खरंच,” ऑडिटर बाई म्हणाल्या. “पण मला सांगा, बशीत बिस्कीट कसं ठेवता?”

“चिमट्याने.”

“चिमटा कुठे असतो?”

“भट्टीपाशीच. तिथून हलत नाही.”

“हातमोजे?”

“घालते. पण बाई, कण केवढा असतो! बाहीला असेल, केसात असेल. कुठून तरी पडलाच ना?”

ऑडिटर बाईंनी तिला उत्तर दिलं नाही. मला त्यांचा रागच आला. एवढं सोलून काढतात तर एखादा शब्द तरी बोलावा. मग माझ्या लक्षात आलं की कितीतरी दिवसांनी मला राग आलाय. तोही दाराबाहेर जाईपर्यंत विरून गेला.

आमच्याकडे भट्टीच्या प्रत्येक घाण्यातली काही बिस्किटं बाजूला सीलबंद ठेवायचा नियम आहे. त्या दिवसाच्या बिस्किटांचा एक संच पोलिसांनी नेला होता, दुसरा ऑडिटर बाईंनी आधीच आपल्या प्रयोगशाळेत पाठवला होता, आणि काय शोधायचं तेही बजावून सांगितलं होतं. दुपारी त्यांचा फोन वाजला. त्या “हं, हं” करत ऐकत होत्या आणि मी त्यांच्या बुटांकडे बघत होतो.

“सगळ्या बिस्किटांत अक्रोड आहे,” फोन ठेवून त्या म्हणाल्या. “थोडा थोडा, पण सगळ्यांत. एकही सुटलेलं नाही.”

“म्हणजे मळतानाच पिठात पडला?”

“पिठात पडला असता तर बिस्किटाच्या पोटात सापडला असता. मावशींच्या बाहीवरून पडला असता तर वर सापडला असता, आणि एखाद्याच बिस्किटावर. मी वरचा पापुद्रा, गाभा आणि खालचा पापुद्रा वेगवेगळे तपासायला सांगितले होते. वर काही नाही. पोटात काही नाही. जे आहे ते फक्त खालच्या बाजूला.”

बिस्किटाच्या खाली काय असतं, हे कुणालाही विचारायची गरज नव्हती.

४

ट्रे धाकट्याच्या ताब्यात. तो तिथे आधीच उभा होता, दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. मला बघून म्हणाला, “दाजी, जेवलात का?” मी मान हलवली. हो की नाही ते त्याने विचारलं नाही.

ऑडिटर बाईंनी ट्रे रचायच्या घोड्यावरचा एक ट्रे ओढून खिडकीपाशी नेला. ट्रेच्या कोपऱ्यांत तांबूस गंज धरला होता. त्यांनी दुसरा काढला, तिसरा काढला. सगळ्यांना गंज.

“हे नेहमीच असे असतात?”

“छे!” मी म्हणालो. “लोखंडाचे ट्रे. त्यांना पाणी दाखवायचं नाही. पूर्वी टाकीतून काढून धुतले तरी लगेच गरम भट्टीत सुकवायचे आणि तेलाचा हात फिरवायचे.”

“आणि आता तर कोरड्या वाळूने साफ करता. पाण्याचा प्रश्नच नाही.”

“नाही.”

“म्हणजे कुणीतरी हे पाण्याने धुतले, आणि तेही भट्टी थंड असताना. सुकवायला जागाच नव्हती.” त्यांनी धाकट्याकडे बघितलं. “ताई गेल्या तेव्हापासून भट्टी पेटली नाही. हो ना?”

“मोरीचा नळ गळतो,” धाकटा म्हणाला. “ओल चढली असेल.”

“सगळ्या ट्रेंना? वरच्यांनाही?”

ऑडिटर बाई वाळूच्या यंत्राकडे गेल्या, झाकण उघडलं आणि मूठभर वाळू काढली. पांढरी, जड, खरखरीत. साधी वाळू.

“ही किती भरते एका गोणीत?”

“दोघांनी उचलावी लागते,” मी म्हणालो, आणि म्हणता म्हणताच मला हमालाचा फुगवलेला दंड दिसला. त्याने दोन गोण्या एकदम उचलल्या होत्या. एकट्याने. शिगोशीग भरलेल्या.

ऑडिटर बाईंनी केसातली पिन काढली. आमच्या ट्रेची कड गोल वळवलेली असते, कुणाला लागू नये म्हणून, आणि त्या वळकटीच्या आत पाणी, फडकं, काही पोचत नाही. तिथे त्यांनी पिन फिरवली. बारीक, तपकिरी दाणे निघाले. चमचाभरही नव्हते. एका चमच्यात घेऊन त्यांनी माझ्याकडे लायटर मागितला.

“वाळू तापते,” त्या म्हणाल्या. “लाल होते. पण वाळू जळत नाही.”

त्यांनी चमच्याखाली ज्योत धरली. दाणे आधी काळे झाले, मग धुमसले आणि एका छोट्याशा ज्वाळेने चक्क पेटले. चुलीत लाकूड घातल्यावर येतो तसा वास आला.

धाकट्याने पुढे होऊन फुंकर मारून ती विझवली.

५

“कारखान्याच्या किल्ल्या मुलगा आणि जावई, दोघांकडेच आहेत,” ऑडिटर बाई अप्पांच्या खोलीत म्हणाल्या. आम्ही चौघं होतो. नियम दाराशी उभा होता, आत यायचं की नाही हा नियम त्याला ठाऊक नव्हता. “जावयांना ट्रे धुतलेले माहीत असते तर त्यांनी पाण्याचा नियम मला स्वतःहून सांगितला नसता. ” त्या धाकट्याकडे वळल्या. “म्हणून मी तुम्हाला विचारते. त्या गोण्यांत काय होतं?”

धाकट्याने जमिनीकडे बघत सांगितलं. “अक्रोडाची टरफलं. दळलेली. लोखंडावरचा थर निघतो त्याने, ओरखडा येत नाही. विकणारा म्हणाला, निसर्गातली वस्तू आहे, रसायन नावालाही नाही. नुसतं ‘टरफल’ म्हणाला. कशाचं ते मी विचारलं नाही. सगळे आपले यंत्राची वाळू म्हणायचे, मीही म्हणायचो. सुट्टीत सगळे ट्रे त्यानेच साफ केले. ताईचं झालं, बिस्किटात अक्रोड निघाला असं पोलीस म्हणाले, तेव्हा मी त्याला फोन केला. तेव्हा कळलं.”

“आणि तुम्ही ट्रे धुतले, गोण्या टाकल्या, यंत्रात वाळू भरली.”

“हो.”

“मावशी कबूल करत होत्या ते ऐकलंत?”

“ती आपणहून म्हणाली,” धाकटा म्हणाला. “मी तिचं नाव घेतलं नाही. एकदाही नाही. दाजी, तुम्ही सांगा, मी घेतलं का तिचं नाव?”

मी विचार केला. खरंच घेतलं नव्हतं.

अप्पांनी प्रथमच तोंड उघडलं. त्यांचा आवाज कितीतरी दिवस न वापरलेल्या नळासारखा आला. “एवढे तपासनीस येऊन गेले. भिंत भरली माझी. एकालाही दिसलं नाही?”

“रसायनमुक्तवाल्याला दिसलं,” ऑडिटर बाई म्हणाल्या. “मी सकाळी गोण्यांचं ऐकलं तेव्हाच त्याला फोन लावला होता, दुपारनंतर मिळाला. टरफलं आहेत हे त्याला पक्कं माहीत होतं. उत्तम उपाय म्हणून त्याने शेराही मारला होता. त्याला रसायनं शोधायला पाठवलं होतं, अक्रोड नाही. आमचा माणूस आला त्याने अक्रोड शोधला. कोठारात, पिठात, तेलात. ट्रे कशाने घासता हे त्याच्या कामातच नव्हतं. ही आमची चूक आहे आणि मी ती लेखी देणार आहे.” मग नियमकडे वळून, “आणि तुम्ही?”

“खाण्यात पडतं ते माझ्याकडे,” नियम म्हणाला. “यंत्राचं सामान माझ्याकडे येत नाही.” मग त्याने चष्मा काढला आणि तो पुसायचं विसरून तसाच हातात धरून उभा राहिला.

“मग ही पाच कशाला?” अप्पा ओरडले. “एक पुरत नाही म्हणून पाच केली ना? पाच करूनही माझी मुलगी जाते?”

“पाचही लागतात, अप्पा. एकाला दिसतं ते दुसऱ्याला दिसत नाही, म्हणूनच लागतात. पण पाच जणांनी काय काय बघितलं हे एका जागी बसून बघणारं कुणीतरी घरचं लागतं. एकासाठी काही बदललंत तर उरलेल्या चौघांना विचारावं लागतं. तुमच्याकडे ते कोण करायचं?”

अप्पांची नजर भिंतीवरून घसरत घसरत दारापाशी गेली, जिथे ताई रोज सकाळी बशी हातात घेऊन उभी राहायची.

“ती करायची,” अप्पा म्हणाले. “खाऊन.”

हे त्यांनी इतक्या साधेपणाने म्हटलं की क्षणभर मला ते कळलंच नाही. मग त्यांनी हात पुढे केला, फिर्यादीचा कागद उचलला आणि फाडला. धाकटा रडत होता. पोलिसांकडे तुझ्याच पायांनी जा, एवढंच अप्पा त्याला म्हणाले आणि खुर्ची भिंतीकडे फिरवून बसले.

६

मावशीकडे मी एकटाच गेलो. ऑडिटर बाई येते म्हणाल्या होत्या, मी नको म्हटलं.

ती ओट्यावर बसली होती. आत नातवंडं भांडत होती. मी तिला सगळं सांगितलं, ट्रे, गंज, टरफलं, धाकटा. आकडेमोड सांगावी तसं सांगितलं, कारण दुसऱ्या कुठल्या आवाजात मला ते सांगता येत नव्हतं. ती मन लावून ऐकत होती. हात चोळायचे थांबले होते.

“म्हणजे माझ्या पुडीतून नाही?”

“नाही, मावशी. कणही नाही.”

मला वाटलं आता हिचं ओझं उतरेल, निदान एकाचं तरी.

“पण बशी मीच दिली ना,” ती म्हणाली.

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, “तुम्ही दिली नसती तर दुसऱ्या कुणी दिली असती.”

“बाकीची बिस्किटं कुठे गेली? ट्रक लावून ठेवला होता तुम्ही.”

“लावला होता. सुटला नाही. त्या दिवशी निघालेला सगळा माल जाळून टाकला.”

“एकाही पोराने खाल्लं नाही?”

“एकानेही नाही. ताईने मानच हलवली नाही ना. मग मी ट्रक कसा सोडणार?”

मावशीने माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे कोरडे होते, माझेही. आत एक पोरगं जोरात भोकांड पसरून रडायला लागलं आणि कुणीतरी त्याला दटावलं.

“मग काम चोख करून गेली,” मावशी म्हणाली. “लहानपणापासून तशीच. दिलेलं काम कधी अर्धवट टाकलं नाही पोरीने.”

तेव्हा मला रडू आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा, तेही दुसऱ्याच्या ओट्यावर, येणारे जाणारे बघत असताना. मावशीने आपला लाल झालेला हात माझ्या पाठीवर ठेवला. थोड्या वेळाने ती आत गेली आणि माझ्यासाठी पाणी घेऊन आली.